वापरलेलं घर

"मामा, वापरलेलं घर कोण घेतं आता?"

आज सकाळी नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका साइटवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये भाच्याने मला हे ऐकवलं. तेव्हा गप्प बसलो. सेल्सवाली मुलगी समोर होती, भाचेसूनही होती. आता जेवण झालंय, ही झोपलीय, बाहेर पाऊस लागलाय. आता बोलतो.

वापरलेलं म्हणे. टूथब्रश आहे का तो?

प्रकरण असं आहे. भाच्याला टू बीएचके घ्यायचाय. गेल्या आठवड्यात मी त्याला कॉलेज रोडच्या मागे एक जुना फ्लॅट दाखवला. 1998 ची इमारत, दुसरा मजला, नऊ इंची विटांच्या भिंती, दोन्ही बाजूंनी वारा, 46 लाख. बघितला, मान डोलावली, आणि खाली येऊन गाडीत बसता बसता म्हणाला, बघू. आज त्याने मला त्याच्या पसंतीचा दाखवला. म्हणजे काय दाखवलं, तर सॅम्पल. खरा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे आणि अजून अकरावा मजलाच नाही. सातवा स्लॅब पडलाय. 58 लाख.

मी सातपूरला कंपनीत क्वालिटीला आहे, पंचवीस वर्षं झाली. पीस हातात घेऊन मोजल्याशिवाय पास करायचा नाही ही सवय हाडात मुरलीय. खिशात टेप असतोच. सॅम्पलमधला पलंग बघून मला शंका आली म्हणून लावला टेप. साडेपाच फूट! झोपणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे? खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड केलाय. कपाटाला आरसे, खोल्यांना दारं नाहीत, सोफ्यावर माणूस अर्धाच मावेल. सेल्सवाली मुलगी हसत म्हणाली, "सर, हे फक्त फील येण्यासाठी असतं." भाचा लाजला. माझ्यामुळे, पलंगामुळे नाही.

मला तिथे उभ्या उभ्या, ज्यांच्याकडून आम्ही आमचं घर घेतलं त्या काकूंची बादली आठवली.

ज्यांना ही गोष्ट माहीत आहे त्यांनी पुढे सरकावं. 2012 च्या जुलैमध्ये मी आणि ही आमचं आत्ताचं घर बघायला आलो. गंगापूर रोडवरून नदीकडे उतरणारी गल्ली, 1994 ची तीन मजली इमारत, वरचा मजला, लिफ्ट नाही. धो धो पाऊस. एजंट म्हणाला होता, पाऊस थांबल्यावर जाऊ. मी म्हटलं, आत्ताच जाऊ. दार उघडलं ते काकूंनी. काका जाऊन वर्ष झालेलं, त्या पुण्याला मुलाकडे निघालेल्या. त्यांनी हॉल दाखवला नाही, स्वयंपाकघर दाखवलं नाही, आधी सरळ मागच्या खोलीत नेलं. कोपऱ्यात निळी बादली होती, वरून टप टप चालू.

"इथे गळतं," म्हणाल्या. "बादली इथेच ठेवायची, जरा डावीकडे. मोठी ठेवू नका, भरली की उचलवत नाही."

एजंटचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग चहा झाला. चहा पिता पिता काकूंनी सांगितलं, पाणी किती वाजता येतं, समोरच्यांचा मुलगा रात्री उशिरा गाडी लावतो, बाथरूमचा दुसरा नळ जोरात पिळायचा नाही. घरपट्टीच्या सगळ्या पावत्या सुतळीने बांधलेल्या होत्या. खाली सोडायला आल्या तेव्हा पार्किंगच्या खांबावर मातकट रेघ दाखवली. "2008 चा पूर. पाणी इथवर आलं होतं."

आता मला सांगा, कुठल्या ब्रोशरमध्ये ही रेघ असते? गोदावरीच्या काठाला आज 'रिव्हर व्ह्यू' म्हणून ज्यादा पैसे घेतात. आपण नाशिककर, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजणारी माणसं. 2008 ला मोजला, 2016 ला मोजला, 2019 ला मोजला. पण घर घेताना, इमारत निळ्या पूररेषेच्या (सरकारने नकाशावर आखलेली पुराची हद्द) आत की बाहेर, हे विचारायला आपल्याला लाज वाटते. विचारतो काय, तर क्लब हाउस आहे का.

आणि पैशांचं बोला ना. चालू बांधकामाच्या घराला 5 टक्के जीएसटी. 58 लाखांवर 2 लाख 90 हजार. जुन्या घराला जीएसटी शून्य. तयार नव्या घरालाही नाही, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलं तर. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी दोन्हीकडे आहेच. पण चालू बांधकामात ताबा मिळेपर्यंत इकडे भाडं आणि तिकडे बँकेचं व्याज, हे दोन्ही भरणारा माणूस महिन्याच्या वीस तारखेला कसा दिसतो ते मी आमच्या कंपनीत रोज बघतो. आमच्यातल्याच एकाचं घर त्या कपाटांच्या घोळात सापडलं होतं. नाशिककरांना सांगायला नको. कपाट म्हणून एफएसआयमधून, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशेबातून, सोडवून घेतलेली जागा बिल्डरांनी खोल्यांत ओढली आणि पालिकेने दाखले अडवले. कपाट बिल्डरचं, दाखला पालिकेचा, हप्ता मात्र याचा. घर बांधून उभं, आणि कागदावर अपुरं.

आजही तेच, पैसे आधी. "आज टोकन दिलंत तर मॉड्युलर किचन फ्री." फ्री! करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत हा कायदा आहे, हे मी भाच्याला लिफ्टजवळ हळूच सांगितलं, तर म्हणतो, "मामा, इथे सगळं रेरा अप्रूव्हड आहे."

असेल बाबा. रेरा, म्हणजे बिल्डरांना वेसण घालणारा कायदा, आल्यापासून सुधारणा झाली हे मला मान्य आहे. कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विकावं लागतं, बांधकामात दोष निघाला तर पाच वर्षं बिल्डरच्या गळ्यात. काकूंनी मला पाच मिनिटांचीही गॅरंटी दिली नव्हती. पण त्यांनी बादली दाखवली होती.

बरं, आता खरं ते लिहितो, नाहीतर हीच खाली कमेंटमध्ये लिहील. ती गळती बंद करायला आम्हाला दोन पावसाळे लागले. गच्ची सगळ्यांची आणि गळती फक्त वरच्याची, हे मला तेव्हा कळलं. मीटिंगमागून मीटिंग. तळमजल्याचे म्हणायचे, आम्हाला काय त्याचं. शेवटी गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, नवा केला, त्यातला मोठा वाटा माझ्या खिशातून गेला. जुने लोखंडी जीआयचे पाइप आतून सडलेले होते, ते बदलले. आईचे गुडघे गेले तेव्हा तीन मजले ती चढू शकेना, शेवटची दोन वर्षं ती फारशी खाली उतरलीच नाही. खिडकीत बसायची. त्याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही. लिफ्ट हवी होती.

बँकही जुन्या इमारतीला नाक मुरडते, अजून किती वर्षं टिकेल विचारते, कर्जाची मुदत कमी करते. कागद जास्त बघावे लागतात, कोणी कोणाला विकलं, वारस किती, डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅट नावावर करणारा दस्त, झालंय का. हे सगळं आहे. मी नाही म्हणत नाहीये.

पण 'वापरलेलं' म्हणू नका. माणसं राहिलीत तिथे. काकूंच्या नातवाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने लिहिलेली होती, आम्ही रंग देताना तेवढी पट्टी सोडली. रंगाऱ्याने दोनदा विचारलं.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. पाणी प्यायला उठलो आणि परत येताना सकाळचं एक राहिलेलं आठवलं, ते लिहायला नको वाटत होतं.

साइटवरून निघताना भाचा गाडी काढायला गेला. भाचेसून आणि मी शेडखाली उभे होतो. ती एरवी फार बोलत नाही. म्हणाली, "मामा, तुम्ही दाखवलेलं घर चांगलं होतं. पण माझं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. अकरा घरं बदलली आम्ही. प्रत्येक घरात भिंतीला आधीच्यांच्या खिळ्यांची भोकं असायची. आई त्यात टूथपेस्ट भरायची. मला एकदा भोक नसलेली भिंत पाहिजे."

माझ्या तोंडावर आलं होतं की अशा नव्या टॉवरच्या भिंती बऱ्याचदा काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, हातोडीने खिळा जायचाच नाही, ड्रिलवाला बोलवावा लागेल. नाही बोललो. कधी कधी मलाही कळतं.

तिच्या अकरा घरांत एकाही घरमालकाने बादली कुठे ठेवायची ते सांगितलं नसणार, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. भाडेकरूला कोण सांगतं? भाड्याने राहिलेल्या माणसाला जुनं घर म्हणजे काय दिसतं याचा मी विचारच केला नव्हता. मी आपला विकत घेतलेल्या जुन्या घरात बसून भाषण ठोकतोय.

तरीही टोकन देऊ दिलं नाही मी. त्यावरून भाचा रुसलाय, ताईचाही फोन येऊन गेला, "तुला काय करायचंय त्यांच्या संसारात." ताई बरोबर असेल. पण सातव्या स्लॅबवर उभं राहून अकराव्या मजल्याचे पैसे द्यायला माझा जीव धजत नाही, मग ते पैसे भाच्याचे असले तरी.

संध्याकाळी भाचेसुनेला फोन केला, त्याला नाही. म्हटलं, नवंच घ्या. पण दाखला मिळालेलं, उभं असलेलं घ्या. अशा इमारती आहेत, इंदिरानगरकडे दोन माझ्या माहितीत आहेत. जीएसटी वाचेल त्यात तुमच्या भिंतीवर काय लावायचं ते लावा. आणि बघायला जायचं ते पाऊस चालू असताना, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यात हात लावून. ती हो म्हणाली. भाच्याला सांगते म्हणाली.

आत्ता तिचा मेसेज आला. "मामा, रविवारी अकरा वाजता इंदिरानगर. येताना टेप आणा."