‘खाजवू नकोस’ हा उपचार नाही

माझ्या लेकीला तान्हेपणापासून इसब, म्हणजे एक्झिमा, आहे. रात्री इतकी खाज सुटते की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. दिवसभर तिला एकच ऐकवलं जातं, खाजवू नकोस. आजी सांगते, बाई सांगतात, सोसायटीतल्या काकू सांगतात. मग करायचं काय, ते कुणी सांगत नाही. आणि मला विचारतात, गरोदरपणी काय खाल्लं होतंस?

खाज सुटली की काय करायचं, हे शिकवता येतं. जर्मनीत या आजाराचे रीतसर वर्ग असतात. आठवड्याला दोन तास, सहा आठवडे. डॉक्टरांच्या जोडीला मानसतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञही शिकवतात. तिथल्या ९९२ मुलांवरचा अभ्यास २००६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. वर्षभरानंतर, वर्ग केलेल्या मुलांचा इसब इतरांपेक्षा जास्त आटोक्यात होता, आणि त्यांच्या आईवडिलांचा जीवही थोडा थाऱ्यावर आला होता. मला हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. आई रात्र रात्र जागून चिडचिडी झाली की ते पोरापर्यंत पोचतंच, आणि ताणाने खाज वाढते.

आपल्याकडे ओपीडीत गर्दीच एवढी, की ‘मलम लावा’ म्हणून चिठ्ठी हातात येते. किती लावायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला ती पुरते. एवढं न कळल्यामुळे कुणी मलमातल्या स्टिरॉइडच्या धास्तीने नुसता हात फिरवतं, तर कुणी दुकानातून मिश्र औषधांचं क्रीम आणून महिनोन्‌महिने चोळतं.

आम्ही काही घरं आता अधूनमधून एकत्र बसतो. तिथल्या एका मुलीने माझ्या लेकीला दाखवलं, खाज आली की फ्रिजमधली स्टीलची वाटी तिथे दाबून धरायची. माझ्या हजार वेळा सांगण्याने झालं नव्हतं ते त्या वाटीने झालं. आपल्यासारखं आणखी कुणी आहे, हे तिला पहिल्यांदाच दिसलं होतं.

पण हे आमच्या हॉलमध्ये का व्हावं? प्रत्येक मेडिकल कॉलेजच्या त्वचाविभागात महिन्यातून एक दुपार यासाठी राखून ठेवा. समुपदेशक बसवा. शाळेतल्या बाईंनाही बोलवा. इसब स्पर्शाने पसरत नाही हे त्यांनी वर्गात एकदा ठामपणे सांगितलं, तर डबा खाताना माझ्या लेकीशेजारची जागा रिकामी राहणार नाही.