आरे-वारेच्या चढावर दोन हात जागा

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आले तर सायकलची चेन नारिंगी झालेली! बडोद्यात हीच चेन महिना-महिना तेलाशिवाय निमूट चालते. रत्नागिरीत दोन रात्रींत गंज. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, म्हणाला, "अगं, खारी हवा ही. संध्याकाळी आलीस की गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायची, वाळू द्यायची आणि मग तेल. शहरातले लाड इथे नाही चालायचे." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वहिनीच्या तुळशीपाशी बसून मी चेनची एकेक कडी पुसत होते, आणि खरं सांगते, त्यातही मला सुख वाटत होतं.

आमचे आजोबा सयाजीरावांच्या काळात नोकरीसाठी कोकणातून बडोद्याला आले ते इथलेच झाले. दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या पुष्कळ घरांची हीच गोष्ट आहे. मी सायकल शिकले पोलो ग्राउंडवर, आणि चढ म्हणजे काय हे कळलं ते काळा घोड्याजवळच्या विश्वामित्रीच्या पुलावर. त्यापलीकडे चढ माहीत नाही. रविवारी आम्ही सात-आठ जण सयाजीबागेपाशी जमतो, कधी मही नदी बघायला सिंधरोटला जातो, कधी आजव्याच्या तलावावर. सपाट रस्ता, दोन्हीकडे शेतं. पण गेली कित्येक वर्षं मनात एकच होतं, एकदा समुद्राला डावीकडे ठेवून सायकल चालवायची.

यंदा उत्तरायण आटोपली, मांज्याच्या भीतीने गळ्याला जाड मफलर गुंडाळून सायकल चालवायचे दिवस संपले आणि मी निघालेच. आपल्या स्टेशनवरून वसई रोडमार्गे कोकणात जाणाऱ्या गाड्या आहेत. पुढचं चाक आणि पेडल काढून, सगळं जुन्या गोधडीत बांधून सायकल त्याच गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बुक केली.

पहिल्या दिवशी शहरातच फिरले. मांडवीची जेट्टी, तिथून मिरकरवाडा बंदर, आणि मग रत्नदुर्गाचा चढ. मिरकरवाड्यात सकाळी माशांच्या टोपल्यांतून वाट काढताना सायकल हातात धरूनच चालावं लागतं, पण रंगीत होड्यांची ती दाटी बघायला पायी जाणंच बरं. दीपगृहापाशी पोचेपर्यंत माझा ऊर फुटायची वेळ आली. वर उभं राहिलं की खाली बंदर, पलीकडे मिऱ्याचा डोंगर आणि समोर नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी थिबा पॉइंटवर गेले. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचं राज्य इंग्रजांनी १८८५ मध्ये घेतलं आणि त्याला इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या राजवाड्याजवळून भाट्याची खाडी जिथे समुद्राला मिळते ते बघत मी बराच वेळ बसले होते. मग उतरून पूल ओलांडला आणि भाट्याच्या सुरूच्या बनाकडेने झरी विनायकापर्यंत गेले. हा सगळ्यात सोपा रस्ता. मुलांना घेऊन जाणार असाल तर इथूनच सुरुवात करा.

पण ज्यासाठी ही पोस्ट लिहितेय तो रस्ता वेगळा. रत्नागिरी ते गणपतीपुळे, आरे-वारेमार्गे, साधारण २५ किलोमीटर. शिरगाव, साखरतर, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे. दादाने आदल्या रात्री वाऱ्याचं गणित समजावलं. जानेवारीत पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई वारा म्हणतात, आणि तो मंद असतो. ऊन चढलं की खारा वारा सुटतो, आणि दुपारी तो वायव्येकडून येतो. म्हणून उत्तरेला जायचं ते उजाडताच आणि दक्षिणेला परतायचं ते दुपारी, वारा पाठीवर घेऊन. शाळेत भूगोलात पाठ केलेले हे दोन वारे या वयात माझ्या मांड्यांना कळले. परतताना चढ तेच होते, पण कुणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटत होतं.

आरे गाव मागे पडलं की सुरूच्या झाडांमधून पाणी चमकायला लागतं. मग चढ सुरू होतो. उजवीकडे कापलेला लाल जांभा, त्यातून बाहेर आलेली मुळं, कुठेतरी आंब्याच्या मोहोराचा वास. पेडल जड होतं, श्वास ऐकू येतो, आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम दिसतात. एका बाजूला आरेचा, दुसऱ्या बाजूला वारेचा, मध्ये आपण उभे असलेला डोंगर. खाली फेसाची पांढरी रेघ किनाऱ्याला लागते, पुसते, पुन्हा लागते. गाडीतून हे दृश्य आठ-दहा सेकंदांत मागे पडतं. मला तो चढ चढायला सात मिनिटं लागली, आणि त्या सात मिनिटांत समुद्र थोडाथोडा वर येताना मी पाहिला.

आणि तिथेच पडले. मागून आलेली पर्यटकांची गाडी इतक्या जवळून गेली की तिचा आरसा माझ्या हँडलला घासला. मी डावीकडे झाले. डांबराची कड आणि साइडपट्टी, म्हणजे रस्त्याकडेची कच्ची पट्टी, यांच्यात चार बोटांची पायरी होती, पुढचं चाक तिच्यात उतरलं आणि मी खडीवर. गुडघा सोलला, तळहातात खडे रुतले. गाडी थांबली नाही. थांबली ती मागून येणारी मासे विकणारी मावशी. तिने तिच्या स्कूटरवरच्या बाटलीतलं पाणी जखमेवर ओतलं आणि म्हणाली, "बाय, चढाला कडेन् नको जाव, मधून चल. मागचो थांबतलो."

तिचं बरोबर आहे, पण मधून चालायलाही छाती लागते. चढावर सायकल सरळ रेषेत जात नाही. वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर आला की तोल राखायला ती डावी-उजवीकडे डुलते. सपाटीवर जेवढी जागा पुरते त्याच्या दीडपट तरी चढाला हवी. आणि नेमकी चढावरच कड तुटलेली असते, कारण पावसाचं पाणी तिथूनच माती धुऊन नेतं.

आता सगळे सागरी महामार्गाबद्दल बोलत आहेत. कोकण किनाऱ्याने रेवसपासून रेड्डीपर्यंत रस्ता, खाड्यांवर पूल. पूल व्हायलाच हवेत. जयगडच्या खाडीपाशी फेरीबोटीची वाट बघत ताटकळणाऱ्या आजारी माणसाला माझ्या सायकलीचं कौतुक कशाला असेल? पण मुंबईचा अनुभव समोर आहे. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सी लिंक झाला, २०२४ मध्ये कोस्टल रोडवर गाड्या धावू लागल्या. दोन्हींच्या वाहनांच्या रस्त्यावर सायकलला बंदी. अख्ख्या शहरातलं समुद्राचं सगळ्यात मोठं दृश्य आणि ते बंद काचेतून बघायचं. इतका खर्च करून बांधलेल्या रस्त्यावर सायकलसाठी कडेची एक पट्टी राखता आली नसती, हे मला आजही पटत नाही.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. रस्ता रुंद करा किंवा करू नका, पण समुद्राच्या बाजूला दोन हात साइडपट्टी डांबराच्या पातळीला भरून घ्या. चढावर तर आधी. वेगळा ट्रॅक नको, रंगरंगोटी नको, उद्घाटन नको. मुरूम, रोलर आणि पावसाळ्यानंतर एकदा डागडुजी. शाळेत सायकलने जाणाऱ्या तिथल्या मुलींना ती पट्टी माझ्यापेक्षा जास्त लागेल. नेवऱ्याजवळ मी त्यांना पाहिलं, दप्तर कॅरिअरला, ओढण्या पाठीमागे गाठ मारून, आणि प्रत्येक गाडी आली की उतरून उभ्या राहणाऱ्या.

गुडघा आता बरा आहे. पुढच्या जानेवारीत उत्तरायणानंतर पुन्हा जायचं ठरवलंय, या वेळी जयगडहून तावसाळची फेरीबोट घेऊन गुहागरपर्यंत. बडोद्यातल्या ज्या मंडळींना यायचं असेल त्यांनी खाली सांगा. पावसाळा संपला की महिन्यातून एक रविवार पावागडला, पायथ्यापासून माचीपर्यंत, सरावाला जाऊ. आणि जुनी गोधडी प्रत्येकाने आपापली आणायची.