रिसीव्हर मात्र उचलू नका

परभणी, सेलू, गंगाखेड, कुठंही राहत असाल आणि विंडोज सोडून घेतलेल्या लिनक्सवर फोनच्या लाईनीवरून इंटरनेट जोडणारं मॉडेम लागत नाही अशी तुमची तक्रार असेल, तर आधी अभिनंदन. रात्री वेळ कसा घालवायचा हा तुमचा प्रश्न मिटला. (साल २००४ धरून वाचा. बायोसची बॅटरी उतरलेली असली की लोडशेडिंगनंतर आपल्या मशीनची तारीख तशीही मागंच गेलेली असते.)

सुरुवातीलाच दोष लिनक्सला देऊन टाका. फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावण्याचा मोह आवरा. पावसाळ्यात जोडणीच्या डब्यात पाणी गेलेल्या लाईनची खरखर एकदा ऐकू आली, की प्रकरण अर्ध्या मिनिटात संपतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे कळायला मग लॉग वाचावा लागत नाही. त्यापेक्षा पीसीक्वेस्टच्या अंकासोबत आलेली सीडी घाला आणि सगळं नव्यानं इन्स्टॉल करा.

मॉडेम घेतानाही स्वस्तातलं, आत बसणारं पीसीआय कार्डच घ्या. खोक्यावर ‘५६ के’ लिहिलेलं असतं, तेवढं पुरे. आत निम्मं डोकं नसतं, तो भाग विंडोजच्या ड्रायव्हरनं प्रोसेसरकडून करून घ्यायचा असतो, हे दुकानदार सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका. सीरियल पोर्टला लागणारं बाहेरचं मॉडेम स्वतःचं काम स्वतः करतं, म्हणून ते महाग. कार्डवर चिप कुठली आहे हे एलएसपीसीआय ही आज्ञा लगेच सांगते. ती देऊ नका, नाहीतर योग्य ड्रायव्हर सापडायचा.

पोर्टच्या बाबतीत हट्ट सोडू नका. विंडोजमधला कॉम-२ म्हणजे लिनक्समध्ये टीटीवाय-एस-१, कारण इथं मोजणी शून्यापासून. तुम्ही एस-२ च लिहा. दोनाला दोन, हिशोब सरळ. डब्ल्यूव्हीडायल-कॉन्फ ही आज्ञा पोर्ट आपणहून शोधून देते, पण आयतं घेणं आपल्याला शोभत नाही.

‘नो डायलटोन’ आला की मॉडेमला चापट मारा. एक्स्चेंजचा टोन मॉडेमला ओळखू येत नसेल, तर एटीएक्स३ ही आज्ञा दिल्यावर ते टोनची वाट न बघता नंबर फिरवतं. जुन्या एक्स्चेंजवर टोन डायलिंग चालत नसेल तर एटीडीटीऐवजी एटीडीपी. एका अक्षराचा फरक, म्हणजे तुमच्या अभ्यासाचा अपमानच.

आता पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाईनवरचा दुसरा फोन. तो माजघरात असलाच पाहिजे आणि आजीच्या हाताशी असला पाहिजे. रात्री मॉडेमच्या किंकाळ्या थांबतात, जोडणी सांभाळणारं पीपीपीडी आयपी पत्ता मिळाल्याचं सांगतं, मेल उतरायला लागते, आणि तेवढ्यात नांदेडच्या आत्याला फोन लावायचं आजीच्या मनात येतं.

“कोन बोलायलंय? नुसतंच खुरखुर व्हायलंय की रं!”

इकडं स्क्रीनवर ‘नो कॅरियर’. आजीला काही बोलू नका. तुम्ही सेटिंग बदला. मॉडेमच्या सेटिंगचे आकडे असतात ना, एस-रजिस्टर, त्यातलं एक आज, एक उद्या. लाईनमन आला तर त्यालाही पॅरललबद्दल सांगू नका. तो आपला फोन जोडून बघेल, “लाईन क्लिअर हाय, तुमच्या डब्यातच काईतरी असंल” म्हणेल आणि चहा घेऊन जाईल. दोघांचंही समाधान.

कनेक्शन टिकलं तरी पानं उघडत नाहीत? उत्तम. लॅन कार्डला कधीकाळी गेटवे दिलेला असेल, तर पीपीपीडी आधीचा डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेर जायची ठरलेली वाट, हलवत नाही आणि तसं लॉगमध्ये स्वच्छ लिहूनही ठेवतं. लॉग उघडू नका. आकडी पत्त्याला पिंग जातं आणि नावाला जात नाही, म्हणजे नावाचा पत्ता कुणाला विचारायचा हे सांगणारी रिझॉल्व्ह-डॉट-कॉन्फ ही फाईल रिकामी. हे तपासायला मिनिटही लागत नाही, म्हणून तपासू नये.

एवढं करूनही एखाद्या रात्री सगळं जमलंच, ड्रायव्हर चढला, लाईन तुटली नाही, आजी झोपलेली, तर स्वस्थ बसू नका. लगेच २.६ कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्याचा, सोर्स उतरवायला घ्या. तीसेक एमबी, सेकंदाला चार केबी मिळाले तरी दोन तासांच्या वर. पहाटेपर्यंत कंपाईल करा, जुना कर्नल जागा खातो म्हणून काढून टाका आणि मशीन रीबूट करा. मॉडेमचा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बांधलेला होता. नव्यासाठीचा इंटरनेटवर मिळतो.