एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: २६ पाउंडाच्या स्प्रिंगा का नाही टाकल्या

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला आणि सकाळी परत वाचला. तुम्ही लिहिलंय की गो-कार्टच्या १९६ सीसी इंजिनाला (होंडा जीएक्स २००) २६ पाउंड जोराच्या व्हॉल्व स्प्रिंगा, म्हणजे व्हॉल्व परत बंद करणाऱ्या स्प्रिंगा, मागितल्या होत्या, आम्ही न सांगता १८ च्या टाकल्या, आठ दिवस इंजिन ठेवून घेतलं आणि पहिल्याच प्रॅक्टिसला पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का वर व्हॉल्वकडं नेणारी दांडी, वाकला, म्हणजे हलका माल टाकून पैसे उकळले. परवा तुमचा मित्र इंजिन दुकानात ठेवून गेला, ते मी स्वतः खोललंय. जे दिसलं ते इथं सगळ्यांसमोर लिहितो, कारण आमची चूक झालीये आणि ती पण सगळ्यांसमोरच सांगायला पाहिजे.

आधी चूक. होंडाच्या जीएक्स २०० मधे एक्झॉस्ट व्हॉल्वच्या टोकावर एक बारकी टोपी असते, व्हॉल्व चालता चालता थोडा फिरत राहावा म्हणून. पंपाला, जनरेटरला ३६०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) चालणाऱ्या इंजिनाला ती चांगलीच आहे. पण कार्टसाठी त्याच्या वर फिरवायचं असेल तर टोपी काढून तिथं इनटेकसारखं साधं रिटेनर, म्हणजे स्प्रिंग धरून ठेवणारी चकती, टाकावं लागतं, कारण व्हॉल्व एकदा जरी तरंगला, म्हणजे स्प्रिंग त्याला कॅमबरोबर (कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा उंचवट्यांचा दांडा) परत आणू शकली नाही, की टॅपेटमधे, म्हणजे व्हॉल्वचं टोक आणि रॉकर यांच्यामधे, मोठी फट पडते आणि टोपी सुटते. तुमची टोपी मला व्हॉल्व कव्हरमधे खाली पडलेली मिळाली, रॉकर (पुशरॉडचा धक्का घेऊन व्हॉल्व दाबणारा) बाजूला सरकलेला आणि पुशरॉड केळ्यासारखा वाकलेला. टोपी काढायची आमच्याकडनं राहिली. पोरानं काम केलं असं म्हणून मी हात झटकणार नाही, कव्हर मीच लावलं होतं.

आता स्प्रिंगांचं. इंजिन दिलंत तेव्हा आत कॅम कंपनीचा, कनेक्टिंग रॉड कंपनीचा, फ्लायव्हील पण कंपनीचं ओतीव, आणि तुम्ही म्हणालात ५५०० च्या आसपास फिरवणार. कंपनीची स्प्रिंग साधारण १०-११ पाउंडाची असते. आरपीएम दीडपट केले, म्हणजे ३६०० चे ५४००, की व्हॉल्वला परत ओढायला लागणारा जोर दीडपट नाही होत, सव्वादोनपट होतो, म्हणून मूळ स्प्रिंग तिथं पुरत नाही हे तुमचं बरोबरच होतं. पण साध्या कॅमवर ५५०० पर्यंत १८ ची भागते असा माझा अनुभव आहे, कॅम थोडा तेज असेल आणि ६००० च्या वर जायचं असेल तर मी २२ ची टाकतो, आणि २६ ची फक्त तेव्हाच जेव्हा कॅम खरोखर उंच आहे, पुशरॉड जाड आहेत, आणि रॉड नि फ्लायव्हील दोन्ही बिलेटचे, म्हणजे ओतीव नाही तर अखंड धातूतून कोरलेले, बसवलेत. जादा कडक स्प्रिंग म्हणजे जादा चांगली असं नसतं ओ, तो सगळा भार कॅमच्या उंचवट्यावर आणि त्यावर टेकणाऱ्या लिफ्टरवर येतो, दोन्ही घासून जातात, आणि ती स्प्रिंग दाबायलाच इंजिनाची थोडी ताकद जाते.

शिवाय २६ ची टाकली की माणूस ७००० ला नेतोच, आणि कंपनीचं फ्लायव्हील त्यासाठी बनवलेलंच नाही. कार्टमधे इंजिन ड्रायव्हरच्या कोपराशी असतं. ते फ्लायव्हील फुटलं तर तुकडे कुठं जातील याचा विचार करून मी नाही टाकली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पण नाही टाकणार. पण हे सगळं मी तुम्हाला फोन करून सांगायला पाहिजे होतं, बिलावर नुसतं "स्प्रिंग सेट" लिहिलं, त्यामुळं फसवल्यासारखं वाटणं साहजिक आहे. त्याबद्दल मनापासून माफी.

एक गोष्ट मात्र तुमच्या रिव्ह्यूत आली नाही. इंजिन इथनं गेलं तेव्हा रॉकर कंपनीचे होते, जवळपास एकास एकचे, म्हणजे पुशरॉड जेवढा उचलतो तेवढाच व्हॉल्व उघडणारे. परत आलं तेव्हा त्यावर १.३ चे रॉकर आहेत. लावायला हरकत काहीच नाही, चांगली वस्तू आहे, पण सहा मिलिमीटर उघडणारा व्हॉल्व त्यानं ७.८ उघडतो, आणि स्प्रिंगचा भार पुशरॉडवर पण १.३ पट होऊन येतो, म्हणजे १८ च्या स्प्रिंगेचा व्हॉल्व बंद असतानाच २३ च्या वर. मी व्हॉल्व पूर्ण उघडून मोजलं तर स्प्रिंगेच्या वेटोळ्यांत सगळी मिळून अर्धा मिलिमीटर पण जागा उरत नव्हती. मी कमीत कमी एक मिलिमीटर ठेवतो. रिटेनर खाली व्हॉल्व गाईडला टेकतं का, पिस्टनवर मऊ क्ले लावून व्हॉल्व किती जवळ येतो, हे रॉकर बदलल्यावर परत बघावंच लागतं. तुमच्या इथं टोपी आणि हे दोन्ही एकदम जमून आलं. नुकसान कशानं जास्त झालं हे मी छातीठोक सांगणार नाही, पण आमचा वाटा आहे हे नक्की.

आठ दिवस लागले ते व्हॉल्व पेस्ट लावून घासले, पोर्टमधे पेट्रोल भरून गळतं का बघितलं, एक्झॉस्टचं दोनदा करावं लागलं. मधे दोन दिवस तुमचा फोन घेतला नाही, ते चूकच.

आता असं करतो. मजुरी पूर्ण परत. दोन्ही पुशरॉड क्रोमोलीचे (मजबूत पोलाद) आणि एक्झॉस्टचं रिटेनर माझ्याकडनं, पैसे नाही. १.३ चे रॉकर ठेवायचे असतील तर तेवढ्या उघडण्याला (लिफ्टला) बसणाऱ्या २२ च्या स्प्रिंगा टाकू, फरकाचे पैसे नकोत, पण बिलेट रॉड आणि फ्लायव्हील येईपर्यंत ५५०० च्या वर न्यायचं नाही एवढं कबूल करा. टॅपेटची फट थंड इंजिनवर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर तुमच्यासमोर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दाखवतो, अर्धा तास चालवून गार झाल्यावर परत बघू.

हेड उघडंच ठेवलंय, टोपी आणि वाकलेला पुशरॉड टेबलावर डबीत आहेत. उद्यमनगरात शनिवारी दुपारनंतर या, स्वतः बघा, मगच कव्हर लावतो.