ऐंशीची गाणी कोणी निवडायची?

नाशिकला घरी गाण्यांचा विषय निघाला की दादा आणि त्याचा मुलगा हमखास भांडतात. दादाच्या मते गाणं ३१ जुलै १९८०ला रफीसाहेबांबरोबर गेलं, त्यानंतर उरला तो गोंगाट. भाचा स्वतः चाली बांधतो. तो म्हणतो, ‘आत्या, कालिदास कलामंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागला की हॉल भरतो. आम्ही नवं काही वाजवलं की फक्त आमचे मित्र आणि त्यांचे आईवडील येतात.’ हे भांडण काही आमच्या एकाच घरातलं नाही. शहरात निघालेल्या प्रत्येक कराओके ग्रुपमध्ये आणि गंगापूर रोडवरच्या प्रत्येक चहाच्या टेबलावर ते चालू आहे.

या भांडणात ऐंशीच्या दशकाची बाजू घेणारं मात्र कुणीच नसतं. दादासाठी ते घसरणीचं दशक, भाच्यासाठी नुसतंच जुनं. मी त्याच दशकात नाशिकमध्ये मोठी झाले आणि आता लीड्समध्ये राहते. इथे ते दशक सुपरमार्केटात वाजतं, ऑफिसच्या पार्टीत वाजतं, दातांच्या डॉक्टरकडे वाट बघतानाही वाजतं. दिवसभर फक्त ऐंशीची गाणी लावणारी ‘अॅब्सोल्यूट एटीज’सारखी रेडिओ केंद्रं आहेत. केट बुशचं १९८५चं एक गाणं एका मालिकेत वापरलं गेलं आणि जून २०२२मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते ऐकणाऱ्यांतली कितीतरी मुलं त्या गाण्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी जन्मलेली.

याचं श्रेय बरेच लोक त्या आवाजाला देतात. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ सिंथेसायझर आला, ड्रम मशीन आली, आणि गाण्याचा पोत एका फटक्यात बदलला. ते खरंच आहे. पण तोच पोत आपल्याकडे बप्पी लाहिरींनीही आणला होता आणि त्यांना आपण अजून मनापासून मान देत नाही. तेव्हा नुसत्या आवाजाने हे कोडं सुटत नाही. मला खरं कारण गाणी एकत्र बांधण्याच्या पद्धतीत दिसतं.

२८ नोव्हेंबर १९८३ला ईएमआय आणि व्हर्जिन या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक’ नावाचा जोडसंच काढला. त्यात त्या सुमाराची गाजलेली ३० गाणी होती, मूळ गायकांच्या आवाजात. त्याआधी के-टेल, रॉन्को या कंपन्या टीव्हीवर जाहिरात करून असे संच विकत. पण एका तबकडीत जास्तीत जास्त गाणी कोंबायची म्हणून ती बरेचदा कापलेली असत. ‘नाऊ’ने पूर्ण गाणी दिली, आणि पुढच्या वर्षापासून दरवर्षी दोन-तीन भाग काढायचा शिरस्ता पाडला. जुलै २०१८मध्ये शंभरावा भाग आला. असे संच इतके खपू लागले की जानेवारी १९८९पासून ब्रिटनने त्यांची विक्रीची यादीच वेगळी केली.

या संचात गाणं कशाच्या जोरावर जायचं? तर त्या काही महिन्यांत लोक ते ऐकत होते, एवढ्याच. थोर गाण्याशेजारी बाष्कळ गाणं, बंडखोराशेजारी गुळगुळीत. १९८३मध्ये तो संच कुणी गतकाळाच्या ओढीने काढला नव्हता, तो ताज्या मालाचा होता. २०२१पासून हीच मंडळी एकेका वर्षाचे संच काढू लागली आणि सुरुवात १९८३पासूनच केली. म्हणजे आज जे स्मरणरंजन म्हणून विकलं जातं, ते त्या त्या वेळी वर्तमान म्हणून नीट बांधून ठेवलेलं होतं. इथल्या जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानांत हे संच पौंड-दोन पौंडांना मिळतात. लीड्सला नवीन असताना मी ते घेऊन घेऊन ऐकले आणि माझ्या वयाच्या सहकाऱ्यांचं बालपण मला कळत गेलं.

आपल्याकडचे संच आठवून बघा. लताबाईंची सुवर्णगीतं, किशोरकुमारची दर्दभरी गाणी, अमक्या संगीतकाराचं उत्तम ते. व्यक्तीवरून नाहीतर भावनेवरून. वर्ष क्वचितच. ‘१९८३ साली महाराष्ट्रात काय ऐकलं जात होतं’ असा संच मी आजवर पाहिलेला नाही. याला धंद्याचंही कारण आहे. बहुतांश जुना खजिना एचएमव्हीकडे होता, पुढे पॉलिडॉर, मग टी-सिरीज, व्हीनस असे प्रत्येकाचे सवतेसुभे झाले, आणि प्रत्येकाने आपल्याच कपाटातलं विकलं. २०१७मध्ये आलेल्या ‘कारवाँ’ या गाणी भरलेल्या रेडिओसारख्या यंत्रातही सारेगामाच्याच, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीच्याच, मालकीची गाणी आहेत. मूळ गाणं हाती नसेल तर दुसऱ्या गायकाकडून गाऊन घ्यायचं, ही वाट कॉपीराइट कायद्याने काही अटींवर मोकळी ठेवली होती आणि टी-सिरीज त्या वाटेवरून जोरात गेली.

कंपन्यांनी जे केलं नाही, ते नाशिकच्या मेन रोडच्या आसपासच्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांनी केलं. वहीच्या पानावर यादी लिहून न्यायची, साठ मिनिटांची की नव्वद मिनिटांची ते सांगायचं, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी आणायला जायचं. या यादीत कंपनी नव्हती, दर्जाही नव्हता. पॉपगायिका नाझिया हसन होती, खालोखाल सुधीर फडके, मग संगीतकार अनिल-अरुण यांचं एखादं सिनेमातलं गाणं आणि शेवटी बहिणीच्या हट्टाखातर काहीतरी, जे बाजू संपल्यामुळे मधेच तुटायचं. दुकानदाराची शिफारस असायचीच: ‘ताई, हे सध्या खूप चाललंय, टाकू का?’ कायद्याने ते चूक होतं, हे मला मान्य आहे. तरीही त्या वर्षांचं आपल्याकडचं खरं संकलन हेच होतं, असं मी ठामपणे म्हणेन.

दादाची दर्जाची चाळणी मला म्हणूनच खुपते. तिच्यातून नुसती डिस्कोची गाणी गळत नाहीत. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा एरवी मागे पडलेले आवाज घराघरांत पोचले: प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, कोळीगीतं, जयंतीच्या दिवसांत वाजणारी भीमगीतं. लोककवी वामनदादा कर्डक आपल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. ‘जुनी अवीट गाणी’ म्हणून जाहीर झालेल्या कार्यक्रमात त्यांचं एकही गाणं मी ऐकलेलं नाही. नाशिकने ऐंशीत काय ऐकलं हे सांगताना वामनदादांना वगळलं, तर ते सांगणं खोटं आहे.

इंग्लंडचं सगळं बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच दशकात लंडनमधल्या साउथॉलच्या ‘अलाप’ आणि त्यांच्यासारख्या भांगडा बँडच्या कॅसेट इथे धडाक्याने खपत होत्या. पण त्या विकल्या जायच्या किराणा-मिठाईच्या आशियाई दुकानांत, आणि यादीसाठी विक्री मोजली जायची दुसऱ्या दुकानांत. त्यामुळे त्या यादीत आल्या नाहीत, आणि यादीवर उभ्या असलेल्या संचांतही नाहीत. माझे शेजारी ज्याला ‘आपलं सगळ्यांचं दशक’ म्हणतात, त्यात साउथॉल आणि बर्मिंगहॅमची लग्नं नाहीत. मोजणारा कुठे उभा आहे, यावर आठवण ठरते.

आपल्याकडे हिंदी सिनेमाच्या गाण्यांसाठी ‘बिनाका गीतमाला’ होती, बाकीची गाणी मोजणारं मला तरी कुणी दिसलं नाही. पण रेकॉर्डिंगच्या दुकानांतल्या त्या याद्या होत्या. कुठल्याही विक्रीच्या यादीपेक्षा मला त्या भरवशाच्या वाटतात, कारण त्यांत माणसांनी पैसे मोजून नेमकं काय मागितलं ते त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे. नाशिकमध्ये कुणाच्या माळ्यावर अशा वह्या, याद्या, डबीतल्या इनले कार्डावर गाणी लिहिलेल्या कॅसेट अजून असतील, तर त्या रद्दीत जाऊ नयेत. १८४०पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आपल्याकडे आहे. जुन्या पोथ्या जपणाऱ्या शहराने या वह्याही जपाव्यात, आणि त्यांवरून एकेका वर्षाची यादी बनवावी, चांगलं-वाईट न निवडता.

भाच्याला मी वेगळं काम सांगितलंय. नाशिकमध्ये यंदा जी मुलं गाणी करताहेत, रॅप असो, भावगीत असो, ढोल-ताशाची नवी चाल असो, त्या सगळ्यांची एकेक रचना घे, तुला आवडत नाहीत त्यांचीही घे, वर यंदाचं साल टाक आणि डिसेंबरच्या आत बाहेर काढ. पहिली प्रत दादाला दे.