चौथी सीट आणि जपानी राक्षस

काल संध्याकाळी लोकलच्या महिलांच्या डब्यात गवार मोडत बसलेल्या एका अनोळखी बाईंनी मला सात-आठ जणींच्या देखत "शिकलेल्या बायकांचं हे असंच असतं, पोरांना विचारून पोरं वाढवतात" असे सुनावले, आणि मला त्यावर एक शब्दही बोलता आला नाही, कारण त्या वेळी माझ्या मांडीवर त्यांच्याच निवडलेल्या गवारीची पिशवी होती. दुसऱ्याची भाजी मांडीवर घेऊन त्याच्याशी भांडता येत नाही, हे मला कालच कळले.

विषय एवढाच होता की माझ्या दहा वर्षांच्या मुलाला 'डेमन स्लेअर' ही जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून, मालिका बघायची आहे आणि ती त्याने बघावी की नाही हे मी ठरवायचे होते. 'बघायची आहे' हा शब्दप्रयोग मी केवळ सौजन्याने करत आहे. सातव्या मजल्यावरच्या मित्राच्या घरी त्याने ती अर्धीअधिक बघून टाकली आहे हे मला ठाऊक आहे आणि मला ठाऊक असल्याचे त्यालाही ठाऊक आहे. बांधकाम आधी उभे करायचे, त्यात राहायला जायचे आणि मग ते नियमित करून घेण्यासाठी अर्ज करायचा, ही या शहराची जुनी रीत आहे, आणि माझ्या मुलाचा अर्ज त्याच जातीचा होता. पुरावे घरभर पसरलेले होते. शिवणाची लांब पट्टी दोन महिन्यांपासून तलवार झाली होती, आणि त्याची धाकटी बहीण तोंडात आडवे लाटणे धरून, गुरगुरत, हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फिरत होती. तिला विचारले, तर लाटणे न काढता ती म्हणाली, "मी राक्षस आहे, पण चांगली."

नवऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "आम्ही नाही का लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफ बघायचो? आम्हाला काय झालं?" या प्रश्नाचे सविस्तर उत्तर माझ्याकडे आहे, पण दुसऱ्या दिवशी कामाचा वार होता. "तूच एकदा बघून ठरव," असा निकाल देऊन तो झोपला. घरातले सगळे ठरवायचे प्रश्न शेवटी 'तूच एकदा बघून ठरव' या चार शब्दांनी माझ्याकडे कसे येतात, यावर कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

आता कोणी म्हणेल की यासाठी सरकारने वयाचे शिक्के दिलेलेच आहेत. आहेत ना. २०२१ च्या नियमांनुसार इंटरनेटवरच्या मालिकांना यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्ग करून दिले आहेत, पण कोणत्या मालिकेला कोणता शिक्का मारायचा हे ती दाखवणारी कंपनीच ठरवते, म्हणजे भाजीही तिची आणि तराजूही तिचाच. शिवाय माझा मुलगा दहाचा आहे. सात पूर्ण आणि तेरा अपूर्ण अशा मधल्या फटीत तो उभा आहे, आणि त्या फटीत 'पालकांनी मार्गदर्शन करावे' एवढेच लिहिलेले आहे. १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना कुलूप लावण्याची सोय द्यावी, असेही नियमात आहे. ती सोय आमच्या टीव्हीवर आहे. ती मला जमत नव्हती म्हणून मुलानेच लावून दिली.

परदेशी शिक्क्यांवर विसंबावे, तर तिथेही गंमतच आहे. याच कथेवरचा २०२० सालचा चित्रपट जपानमध्ये पीजी १२ ठरला, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांनी जरा बघावे. तोच चित्रपट अमेरिकेत गेला आणि आर ठरला, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाला मोठ्या माणसाशिवाय आत सोडायचे नाही. रक्त तेच आणि तेवढेच, पण पॅसिफिक महासागर ओलांडताना त्याचे वय पाच वर्षांनी वाढले.

म्हणून काल मी पहिला भाग फोनवर उतरवून घेतला आणि सीएसएमटीला बदलापूर फास्टमध्ये चढले. वाटेतच घाटकोपरला उतरणाऱ्या बाईने लांबच्या बदलापूर फास्टमध्ये चढणे हाच मुळात गुन्हा असतो. "कुठे उतरणार?" या प्रश्नावर 'घाटकोपर' असे उत्तर दिले की सगळा बाक तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही लग्नात केवळ जेवायला आला आहात. तरीही तिसऱ्या सीटवरच्या मावशी इंचभर सरकल्या आणि मला चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे एका मांडीला बाक आणि दुसरीला हवा. मावशींच्या पायांशी पिशवी, मांडीवर वर्तमानपत्र आणि वर्तमानपत्रावर अर्धा किलो गवार होती. निवडलेली गवार ठेवायला जागा नाही, हे पाहून त्यांनी ती पिशवी न विचारता माझ्या मांडीवर ठेवली.

मशीद बंदर येईपर्यंत मावशींची मान माझ्या खांद्यावर आली होती. भायखळ्याला त्यांनी माझ्या उजव्या कानातली इअरफोनची बोंडी काढून, पदराला पुसून, स्वतःच्या कानात घातली.

"कायतरी बोलतायत. कळत नाही."

"जपानी आहे, मावशी. खाली इंग्रजीत लिहिलेलं येतं."

"मग सांगा की."

अशा रीतीने मी कथेकरी झाले. मुलगा तेरा वर्षांचा आहे, नाव तांजिरो, डोंगरावर राहतो, वडील वारले आहेत, सहा भावंडांत हाच थोरला, बर्फातून खाली गावात जाऊन कोळसा विकतो, असे मी सांगत गेले आणि मावशी एकेका शेंगेचे देठ मोडून, शीर ओढून, पुढचा प्रश्न टाकत गेल्या.

"बाप कशानं गेला?"

"आजारी होता."

"दारू?"

"नाही हो, आजार."

"सगळे तसंच सांगतात." कट्. एक देठ गेला. "सहा पोरं घेऊन ती बाई डोंगरावर कशाला राहिली? खाली गावात खोली घ्यायची भाड्यानं. भावकी नाही का त्यांची?"

भावकीविषयी पहिल्या भागात काही माहिती नाही, हे मी कबूल केले. गावात कोणाची तरी बशी फुटलेली असते आणि तांजिरो तिचा वास घेऊन ती मांजरीने फोडली असे सांगतो, हा प्रसंग मात्र मावशींना अतोनात आवडला. त्यांनी तो समोरच्या बाकावर पुन्हा सांगितला, आणि त्यात बशीची कपबशी केली. हे कधीचे आहे, असे समोरून विचारले गेले. जपानचा तैशो काळ, १९१२ ते १९२६, म्हणजे आपल्याकडे टिळक मंडालेहून सुटून आले त्या सुमाराचे, असे मी सांगितले. "म्हणजे गॅस नव्हता," असे म्हणून मावशींनी कोळशाचा प्रश्न निकालात काढला.

दादरला गर्दी आत घुसली आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर तो मुलगा सकाळी घरी परतला. बर्फावर रक्त, दाराशी बहीण, आत आई आणि लहान भावंडे. मावशींच्या बोटांत धरलेली शेंग तशीच राहिली. मी भाषांतर थांबवले, कारण तिथे भाषांतर करण्यासारखे काही नव्हते.

"सगळी?" मावशींनी विचारले.

"बहीण उरते, नेझुको. पण ती राक्षस होते."

"अगं बाई."

पुढे एक तलवारवाला येतो, राक्षस झालेल्या त्या बहिणीला मारायला निघतो, आणि तांजिरो बर्फात डोके टेकवून तिच्या जिवाची भीक मागतो. यावर मावशी एवढ्या मोठ्याने "पाया काय पडतोस मेल्या, कोयता घे!" असे ओरडल्या की दाराशी लटकलेल्या बायकांनीही वळून पाहिले. आश्चर्य असे की पुढच्याच क्षणी तो तलवारवालाही मुलावर जवळजवळ याच शब्दांत ओरडला. मी ते भाषांतर करून सांगितल्यावर मावशींनी मान डोलावली. जपानमध्येही कोणीतरी समजूतदार माणूस असल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग ती बहीण, राक्षस असूनही, भावाच्या पुढे हात पसरून उभी राहते, आणि तलवारवाला तिने कोणाला चावू नये म्हणून तिच्या तोंडात बांबूचा तुकडा आडवा बांधतो. तेव्हा कुठे मला माझ्या लाटण्यावरच्या दातांच्या खुणांचा उलगडा झाला.

इथपर्यंत सारे सुखाचे होते. मग मावशींनी विचारले की तुम्ही हे कशासाठी बघता, आणि मी खरे उत्तर दिले, ही माझी चूक. मुलाला दाखवावे की नाही ते ठरवायचे आहे, असे म्हटल्याबरोबर ते वर लिहिलेले वाक्य आले, आणि त्यापाठोपाठ सगळ्या बाकाने निकाल द्यायला सुरुवात केली. एकीने मोबाइलच काढून घ्या म्हटले. एकीने तिच्या भाच्याला चश्मा लागल्याचे सांगितले. डोक्यावर दांडी धरून उभी असलेली एक कॉलेजची मुलगी खाली वाकून म्हणाली, "आंटी, एकोणिसावा भाग बघाच, बाकीचं सोडा," आणि सरळ झाली. मला 'आंटी' म्हटल्याचा राग मी अजून गिळलेला नाही.

मी माझा राखून ठेवलेला मुद्दा काढला. मोठ्या आवाजात म्हटले की गणपतीचे डोके कोणी उडवले? सख्ख्या बापानेच ना? आपली मुले चौथ्या वर्षापासून ही गोष्ट ऐकतात. दिवाळीच्या किल्ल्यावर अफझलखानाचे पोट फाडलेले असते आणि आपण कौतुकाने फोटो काढतो. मग जपान्यांनी चार डोकी उडवली तर बिघडले कुठे?

मावशींनी शेंग मोडली नाही. माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, "गणपतीला दुसरं डोकं लावतात, मॅडम. लगेच लावतात. पोरगं घाबरायच्या आत लावतात. यांच्यात लावतात का कोणी?"

मला उत्तर सुचले नाही. मी म्हटले की रक्त बरेच आहे, तीच माझी काळजी आहे.

"रक्ताचं काय घेऊन बसलात. मटणाच्या दुकानात नेता ना त्याला? रक्त विसरतात पोरं. तो सकाळी घरी येतो आणि आई..." एवढे बोलून त्यांनी माझे मनगट धरले. "रात्री झोपेत उठून तुम्हाला चाचपतो का तो हल्ली?"

हा प्रश्न मला या आठवड्यात कोणी विचारला नव्हता. गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजता मुलगा येऊन माझ्या पायाशी झोपला होता. विचारले तेव्हा त्याने पंख्याचा आवाज येतो असे सांगितले, आणि मीही पंख्यालाच दोष देऊन मोकळी झाले. शिक्के मारणारे लोक किती वार, किती रक्त, किती शिव्या हे मोजतात. पहिल्या दहा मिनिटांत किती आया मेल्या, याचा रकाना कोणीच ठेवत नाही. आणि तो रकाना भरायला बदलापूरला जाणारी, दिवसभर उभ्याने काम करून आलेली बाई लागते, ही गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या फार लागली.

अर्थात 'बसल्या बसल्या' हाच घोटाळा होता. घाटकोपरला उतरायचे असेल तर कुर्ला सुटण्याआधी दाराशी पोचावे लागते. माझे मनगट मावशींच्या हातात, गवार माझ्या मांडीवर, आणि घाटकोपरला मेट्रोकडे धावणाऱ्या बायकांचा लोंढा दारातून उतरून गेला तेव्हा मी अजून चौथ्या सीटवरच होते. "अहो, घाटकोपर गेलं की तुमचं!" ही बातमी मला मावशींनीच दिली, आणि वर "मग आता पुढचा भाग लावा" असेही सुचवले. गाडी थेट ठाण्याला थांबली.

माझा पास घाटकोपरपर्यंतचा. किमान २५० रुपयांचा दंड डोळ्यांपुढे ठेवून, ठाण्याच्या पुलावरून मान खाली घालून जाताना मी टीसीला द्यायचे उत्तर मनात जुळवत होते. 'कार्टून बघत होते' हे बेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडी कोणत्याही स्वरात शोभत नाही. टीसी भेटला नाही. परतीच्या धीम्या गाडीत चेंगरून उभी असताना मला शिनचॅन आठवला. तीन वर्षे मी तो माझ्या मुलाला जेवताना बिनधास्त लावून देत होते, कारण तो हिंदीत बोलतो, गोंडस दिसतो आणि मुलगा दोन पोळ्या जास्त खातो. तो मुळात १९९० साली जपानमधल्या मोठ्यांच्या साप्ताहिकात जन्मला, आणि २००८ साली आपल्याकडे त्याच्यावर बंदी येऊन मग तो कात्री लागून परत आला, हे मी वाचले तोवर मुलगा आईला नावाने हाक मारायला शिकला होता. उलट ज्याच्या तलवारीला मी घाबरते, तो तांजिरो शोनेन म्हणजे पोरसवदा मुलांच्या साप्ताहिकातून आलेला, बहिणीसाठी बर्फात डोके टेकणारा. यातला मुलांचा कोणता आणि मोठ्यांचा कोणता? बरे, पडदा बंद करून खाली खेळायला पाठवावे, तर खाली खेळायच्या जागेत गाड्या उभ्या आहेत, आणि उरलेल्या फरशीवर 'चेंडू खेळण्यास मनाई' अशी पाटी आहे. त्या पाटीवर वयाचा शिक्का नाही.

घरी पोचले तेव्हा पावणेनऊ झाले होते. मुलगा पट्टी घेऊन दारातच उभा होता. मी चपला काढता काढता सांगितले की पहिला भाग माझ्या शेजारी बसून बघायचा, दिवा लावून बघायचा, आणि पंख्याचा आवाज आला तर पंख्याचे नाव न घेता सांगायचे. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि 'बरं' म्हणाला. मग मला मावशींचा शेवटचा प्रश्न आठवला. मी ठाण्याला उतरताना त्यांनी खिडकीतून हाक मारून बजावले होते की ती पोर बरी होते का ते विचारून ठेवा, मी रोज याच गाडीला असते.

मी मुलाला विचारले, "नेझुको शेवटी पुन्हा माणूस होते का रे?"

"आई," तो गंभीरपणे म्हणाला, "स्पॉयलर देणार नाही. तू अजून लहान आहेस त्याला."

उद्या मी धीमी गाडी पकडणार आहे.