अप्पर लावाच, पण आधी डिप्पर दुरुस्त करा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

समोरून गाडी आली तरी अप्पर (लांबवर जाणारा झोत) उतरवून डिप्पर (खाली झुकलेला झोत) न देणाऱ्यांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, पण त्यामागे रात्रीच्या रस्त्याचा अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री माळशेजमार्गे वाशीला पिकअप न्यायची. ओतूरच्या पुढे रस्त्यावर दिवे नाहीत, खड्डे आहेत, जनावरं आडवी येतात. डिप्परवर काजव्याएवढा उजेड पडतो. ट्रकवाले डिप्पर देत नाहीत. म्हणून तुम्ही एलईडी बल्ब बसवलेत आणि अप्परवरच चालवता. आणि शेवटी, 'शहरातल्या उजेडात गाडी चालवणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.'

अंधारात, समोर कुणी नसताना अप्पर लावायलाच हवा. त्याबद्दल आपलं भांडणच नाही. 80 च्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, पुढे गाडी थांबायला लागणारं अंतर धरा, कोरड्या रस्त्यावरही 70 मीटरच्या आसपास जातात. भरलेल्या पिकअपला जास्तच. डिप्परचा उजेड तेवढा लांब पोचत नाही, त्यामुळे डिप्पर द्यायचा म्हणजे वेग कमी करायचा, हे ओघानं आलंच. माझं म्हणणं समोरून कुणी येत असतानाच्या त्या काही क्षणांपुरतं आहे.

पण तुमच्या प्रतिक्रियेतला 'काजव्याएवढा' हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. धड असलेला डिप्पर काजव्याएवढा नसतो. साध्या 60/55 वॅटच्या एच4 हॅलोजन बल्बमध्येही (यात अप्पर आणि डिप्परसाठी दोन वेगळ्या तारा, म्हणजे फिलामेंट, असतात) डिप्परच्या तारेला 55 वॅट मिळतात. मग उजेड जातो कुठे?

बराचसा वायरिंगमध्ये जातो. आमच्या इथल्या वायरिंगवाल्याकडे एका जुन्या पिकअपचे दिवे तपासताना मी शेजारी उभा होतो. इंजिन चालू, मीटरची टोकं बॅटरीला लावली तर 14.1 व्होल्ट. तीच टोकं बल्बच्या होल्डरला लावली तर 12.3. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडून एका बाजूनं वितळलं होतं, आणि अर्थिंगच्या बोल्टवर गंजाचा पापुद्रा. त्यानं तो बोल्ट घासला, होल्डर बदलला, जाड वायर टाकून रिले (दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) बसवला. बल्ब तोच ठेवला आणि भिंतीवरचा उजेड डोळ्यांना कळेल इतका वाढला. हॅलोजनचं गणितच तसं आहे : व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड साधारण 30 टक्के पडतो. इथे तर त्याहून जास्त पडलं होतं.

उरलेला उजेड काच खाते. खरं तर ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. उन्हानं वरचा थर मरतो, मग ते पिवळं आणि धुरकट होतं. असा दिवा दुहेरी नुकसान करतो : रस्त्यावर उजेड कमी पडतो आणि जो पडायचा तो चहूकडे विखरून समोरच्याच्या डोळ्यात जातो. टूथपेस्ट चोळून आलेली चमक फार दिवस टिकत नाही. पाणी मारत पॉलिश पेपरनं टप्प्याटप्प्यानं घासून, पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग द्यावं लागतं. कोटिंग वगळलंत तर पहिल्यापेक्षा लवकर पिवळं पडेल.

आता एलईडी. एच4 बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती रिफ्लेक्टरचा खालचा भाग झाकते, त्यामुळे झोत वर उडत नाही. तार कुठे आणि वाटी कुठे हे मिलिमीटरच्या हिशेबात ठरलेलं असतं, आणि रिफ्लेक्टर त्यासाठीच घडवलेला असतो. त्यात चिप असलेला बल्ब खोचला की प्रकाशाची जागा आणि आकार दोन्ही बदलतात. बोनेटसमोर पांढराशुभ्र उजेड दिसतो, म्हणून समाधान वाटतं, पण लांबचा रस्ता अंधारातच राहतो आणि डिप्परसुद्धा समोरच्याला अप्परसारखा लागतो. माळशेजच्या धुक्यात तर तो पांढरा उजेड उलटून तुमच्याच डोळ्यात येत असणार. तुम्ही बदललेल्या बल्बचे पैसे वाया गेलेत असं मला स्पष्ट वाटतं.

'ट्रकवाले देत नाहीत, मग मी का द्यावा?' हे मात्र मला अजिबात पटत नाही. दोघेही 60 नं येत असाल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला 33 मीटरनं कमी होतं. दोन सेकंद दोघेही आंधळे, आणि त्या पट्ट्यात एखादा बाजूनं चालणारा माणूस किंवा मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली असेल, तर ती कुणालाच दिसणार नाही. समोरचा ऐकत नसेल तर एकदा डिप्पर मारून खुणवा, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या, वेग उतरवा. आणि दुचाकीवाल्यालाही डिप्पर द्या. ट्रकसाठी दिवा उतरवणारे कितीतरी जण मोटारसायकल दिसली की उतरवत नाहीत, हे पाहून मला फार वाईट वाटतं.

यंत्रणेवरचा तुमचा राग योग्यच आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 106 आहे : 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोतानं दिपवता कामा नये. तुमच्या पिकअपला निदान पासिंगला (फिटनेस तपासणीला) जावं लागतं. खासगी कारला 15 वर्षं कुणी विचारत नाही, कारण पीयूसीत धूर तपासतात, दिवे नाहीत. ब्रिटनमध्ये कार 3 वर्षांची झाली की दरवर्षीच्या एमओटी चाचणीत दिव्यांचा कोनही बघतात. आपल्याकडे हे व्हायलाच हवं, आणि शहरातल्या कारवाल्यांपासून सुरू व्हायला हवं.

तोवर तुमच्या गाडीपुरतं एक करून बघा. मागे क्रेट चढले की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि गाडीचं नाक वर येतं. नाक एका अंशानं उचललं तरी 50 मीटरवर झोत 87 सेंटीमीटर वर जातो. म्हणजे रिकाम्या गाडीवर अचूक केलेलं सेटिंग भरल्या गाडीत बिघडतं. सपाट जागेवर भिंतीपासून 5 मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची खडूनं भिंतीवर आखा आणि डिप्पर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण 5 सेंटीमीटर खाली यायला हवी. 5 मीटरवर 5 सेंटीमीटर म्हणजे 1 टक्का उतार; दिव्यावर किंवा मॅन्युअलमध्ये वेगळी टक्केवारी दिली असेल तर तीच धरा. लेव्हलिंगची (दिव्याचा कोन वर-खाली करणारी) चक्री असेल तर ती फिरवून कड खाली आणा, नसेल तर वायरिंगवाल्याकडून स्क्रूनं करून घ्या. मात्र त्याआधी जुना हॅलोजन परत बसवा, आणि हे सगळं क्रेट भरल्यावर, वाशीला निघायच्या आधी करा.